शुद्धलेखनात अडखळणारे मूल

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनातील भाषण)



इयत्ता तिसरीतील एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. गुरुजींनी 'आमची म्हैस' या विषयावर पाच ओळी लिहावयास सांगितल्या आहेत. मुलाच्या घरी म्हैस आहे आणि तिला पाण्यावर नेण्याचे काम त्याच्याकडेच आहे. विषय त्याच्या जिव्हाळ्याचा असल्याने तो मान खाली घालून भराभर लिहितो :

'आमी मैस पाळली. ती लई दुध देते. तीला वैरन घालतो. इहीरीवर पानी पाजतो. मैशीने आम्च्या घराला पैसा दिला.'

वही तपासून परत येते, तेव्हा तिच्यावर तांबड्या शाईची नऊ वर्तुळे असतात. खाली शेरा असतो : 'अशुद्ध. चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहिणे.' मुलगा निमूटपणे नव्वद शब्द लिहून आणतो. पुढील महिन्यात 'आमचे शेत' हा विषय दिला जातो. या वेळी तो दोनच ओळी लिहितो : 'शेत आहे. शेतात घर आहे.' चूक एकही नाही. गुरुजी समाधानाने 'ठीक' असा शेरा देतात.

वास्तविक काळजी वाटावयास हवी ती या दुसऱ्या लेखनाची होय. पहिल्या लेखनात नऊ चुका होत्या हे खरे. परंतु त्यात म्हैस होती, वैरण होती, विहीर होती आणि घराला हातभार लावणाऱ्या जनावराविषयीची कृतज्ञताही होती. दुसऱ्या लेखनात चूक नाही, कारण ज्या ज्या शब्दाची धास्ती वाटली तो तो शब्द मुलाने टाळला आहे. त्याचे लेखन सुधारलेले नसून आक्रसले आहे. असे आक्रसलेले मूल चौथीत, पाचवीत गेले म्हणजे 'याला काही लिहिताच येत नाही' असे म्हटले जाते, आणि काही दिवसांनी ते स्वतःही तसेच म्हणू लागते. शाळा सुटण्याची सुरुवात पुष्कळदा येथूनच होते.

म्हणून शुद्धलेखनाच्या बाबतीत शिक्षकाचे पहिले काम चुका मोजण्याचे नसून चुका ओळखण्याचे आहे. वैद्य ज्याप्रमाणे नुसता ताप मोजून थांबत नाही, तो कशामुळे आला हे पाहतो, त्याप्रमाणेच चुकलेला शब्द कशामुळे चुकला हे पाहिले पाहिजे.

नऊ चुका, तीन कारणे

वरील नऊ शब्द एका कागदावर लिहून त्यांचे गट पाडले असता काय दिसते?

'आमी', 'मैस', 'मैशीने', 'वैरन', 'पानी' आणि 'इहीरीवर' हे सहा शब्द मुलाने जसे ऐकले तसे लिहिले आहेत. घरात, गोठ्यात, पाणवठ्यावर हे शब्द असेच बोलले जातात. मुलाच्या कानाने आणि हाताने आपले काम प्रामाणिकपणे केले आहे. फक्त पुस्तकातील शब्द आणि तोंडातील शब्द यांत अंतर आहे, हे त्याला कोणी दाखविलेले नाही.

'दुध', 'तीला' आणि पुन्हा 'इहीरीवर' यांत ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा आहे. येथे कानाचा उपयोग फारसा होत नाही; कारण मराठी बोलताना पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांतील भेद ठळकपणे ऐकू येत नाही. हा भेद नियमाने आणि डोळ्यांच्या सवयीनेच साधतो.

'आम्च्या' हा शब्द तिसऱ्या प्रकारचा आहे. मराठीत पुष्कळ अक्षरांतील 'अ' लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. 'आमच्या' असे लिहावयाचे आणि बोलावयाचे 'आम्च्या'. 'मुलगा' असे लिहावयाचे आणि बोलावयाचे 'मुल्गा'. मुलाने उच्चाराशी इमान राखले आणि तो चुकला.

म्हणजे चुका नऊ असल्या तरी कारणे तीनच आहेत. नऊ वर्तुळे पाहून मूल गांगरते. तीन कारणे पाहून शिक्षकाला मार्ग दिसतो. शिवाय 'लई' हा शब्द चुकीचा नाही, हेही ध्यानी धरावे. तो बोलीतील शब्द आहे. 'पुष्कळ' हा शब्द त्याच्या जोडीला शिकवावा, परंतु 'लई'वर तांबडी शाई ओढू नये.

अशुद्ध म्हणजे अपवित्र नव्हे

'शुद्ध' आणि 'अशुद्ध' या शब्दांमुळे एक गैरसमज नकळत रुजला आहे. अशुद्ध लिहिणारे मूल आळशी, बेफिकीर किंवा मंद असावे, असे वाटू लागते. वस्तुतः लेखनाचे नियम हा समाजाने सर्वांच्या सोयीसाठी केलेला संकेत आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखनविषयक नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली, त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वी 'नांव', 'पांच', 'घरांत' असे लिहिणे बरोबर होते आणि 'नाव', 'पाच', 'घरात' असे लिहिणाऱ्याचे गुण कापले जात. आज नेमके उलट आहे. आजोबांना ज्या शब्दाबद्दल पूर्ण गुण मिळाले, त्याच शब्दाबद्दल नातवाचे गुण जातात. यात आजोबांचाही दोष नाही आणि नातवाचाही नाही. संकेत बदलला, एवढेच.

संकेत आहे म्हणून तो पाळू नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. वाटेने कोणत्या बाजूने चालावे हाही संकेतच आहे, आणि तो पाळल्यानेच सर्वांची सोय होते. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' यांत गुरुजनांऐवजी स्वयंपाकी येतात. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'मुलाचा डबा' एका मुलाचा, तर 'मुलांचा डबा' अनेकांचा. प्रमाणलेखन यावयास हवे ते यासाठी. परंतु जो संकेत अद्याप शिकविलेला नाही किंवा पुरता कळलेला नाही, तो मोडल्याबद्दल मुलाला लाजविणे अन्यायाचे आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. चुकलेले शब्द वर्गापुढे मोठ्याने वाचून हशा पिकविणे हे या कलमाच्या हेतूस धरून नाही, हे सांगावयास नकोच.

कारणाप्रमाणे उपाय

घरच्या बोलीतून येणाऱ्या चुकांसाठी जोड्यांचा उपयोग करावा. 'मन' आणि 'मण', 'तन' आणि 'तण', 'कोन' आणि 'कोण' अशा जोड्या फळ्यावर लिहाव्यात. 'शेतात तन वाढले की तण?' असे विचारावे. 'ण' म्हणताना जिभेचे टोक मागे वळते, 'न' म्हणताना ते दातांपाशी राहते, हे मुलांना स्वतःच्या तोंडात अनुभवू द्यावे. वऱ्हाडात 'काळा'चा उच्चार पुष्कळ ठिकाणी 'काया' असा होतो. तेथे 'ळ' असाच वेगळा काढून शिकवावा लागतो, आणि मग 'गाल–गाळ', 'माल–माळ', 'वेल–वेळ' या जोड्या कामी येतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी व माडिया, नंदुरबारकडे भिली अशा भाषा घरी बोलणाऱ्या मुलांना तर मराठी हीच नवी भाषा असते. त्यांच्या लेखनातील चुकांकडे नवी भाषा शिकणाऱ्याच्या चुका म्हणूनच पाहावे. कोठेही 'तुमचे बोलणे अशुद्ध आहे' असे म्हणू नये. 'घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' एवढे सांगणे पुरेसे आहे. ज्या बोलीत आई मुलाशी बोलते तिचा पाणउतारा केला, तर मूल आईपासून नव्हे, शाळेपासून दूर जाते.

ऱ्हस्व-दीर्घासाठी एका वेळी एकच नियम घ्यावा. तिसरीच्या मुलास पुढील गोष्ट समजते : शब्दाच्या शेवटच्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी काही नसेल, तर त्याच्या आधीच्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दुसरा असतो; शब्द पुढे वाढला की तो पहिला होतो. 'दूध', पण 'दुधात'. 'फूल', पण 'फुलाला'. 'विहीर', पण 'विहिरीवर'. 'गरीब', पण 'गरिबाला'. अशी शब्दांची कुटुंबे एका ओळीत लिहून घेतली की नियम पाठ न करताही डोळ्यांत बसतो. 'ती', पण 'तिला', 'तिचे', 'तिने' हे कुटुंबही त्यांच्या जोडीला ठेवावे. पुढच्या पंधरवड्यात शब्दाच्या अगदी शेवटी येणारी वेलांटी व उकार दुसरा, हा नियम घ्यावा : 'पाणी', 'वही', 'कवी', 'गुरू'. 'आणि', 'परंतु' हे नेहमी लागणारे अपवाद भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावेत. 'गुण', 'विष', 'शरीराला' यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द पहिल्या नियमात बसत नाहीत; त्यांची चर्चा वरच्या इयत्तेत करावी. नियम आणि अपवाद एकाच तासाला सांगितले, तर मुलाच्या हाती दोहोंपैकी एकही लागत नाही.

न उच्चारल्या जाणाऱ्या 'अ'साठी 'लिहिताना म्हणावयाचा उच्चार' शिकवावा. 'मुलगा' हा शब्द बोलताना दोन टाळ्यांत बसतो. लिहिताना मात्र 'मु-ल-गा' अशा तीन टाळ्या वाजवाव्यात. आता 'बसता' आणि 'रस्ता' हे शब्द कानाला सारखेच लागतात, मग एकात पूर्ण 'स' आणि दुसऱ्यात जोडाक्षर का? 'बसता' याच्या मुळाशी 'बस' आहे. 'बसा', 'बसू' म्हणताना 'स' मोकळा होतो. 'रस्ता' तसा मोकळा करता येत नाही. एवढा विचार करावयास तिसरीचे मूल समर्थ असते, आणि अशा शोधात त्याला आनंदही वाटतो.

काही मुलांच्या चुका मात्र या तिन्ही गटांत बसत नाहीत. ती 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'य' आणि 'थ' यांत गोंधळतात, किंवा पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला देतात. येथे घोटाळा आकाराचा आहे. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहिली जाते अक्षराच्या आधी, ही अडचण मोठ्या माणसाच्या आता लक्षातही येत नाही. अशा मुलांकडून जुन्या धूळपाटीप्रमाणे ताटलीतील वाळूवर बोटाने मोठे अक्षर गिरवून घ्यावे आणि त्याच वेळी त्याचा उच्चार करवून घ्यावा. फसविणारी दोन अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावरच दुसरे घ्यावे.

दहा वेळा लिहिण्याऐवजी

चुकलेला शब्द दहा वेळा लिहावयास लावण्याची प्रथा जुनी आहे. तिचा परिणाम पाहावयाचा असेल, तर मूल ते काम कसे करते हे त्याच्या पाठीशी उभे राहून पाहावे. पुष्कळ मुले आधी एकाखाली एक दहा 'म्है' लिहितात आणि मग त्यांच्यापुढे दहा 'स' लिहितात. शब्द असा त्यांनी एकदाही लिहिलेला नसतो. पहिल्याच वेळी उतरविताना चूक झाली, तर तीच चूक दहा वेळा घोटली जाते.

त्याऐवजी पाच पायऱ्यांची रीत अवलंबावी : शब्द नीट पाहावा, मोठ्याने म्हणावा, हाताने झाकावा, न पाहता लिहावा, उघडून पडताळावा. चुकल्यास पुन्हा पहिल्या पायरीवर यावे. यात आठवणीला काम करावे लागते आणि चूक मुलाला स्वतःच सापडते. असे पाच शब्द एका दिवसास पुरेत. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने आणि शेवटी महिन्याने पुन्हा विचारावेत. एकाच दिवशी तासभर घोटण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे अधिक फळ देतात. द्विशिक्षकी शाळेत एक इयत्ता गणिते सोडवीत असता दुसरीची ही दहा मिनिटे सहज निघतात. मुलांच्या जोड्या लावून दिल्या, तर शिक्षकास फक्त फिरून पाहावे लागते.

श्रुतलेखन हे परीक्षेसाठी न घेता सरावासाठी घ्यावे. उतारा आदल्या दिवशी फळ्यावर असावा, त्यातील कठीण शब्दांची चर्चा झालेली असावी आणि लिहून झाल्यावर मुलांनी आपला कागद स्वतःच तपासावा.

वही तपासताना बरोबर काय आहे तेही दाखवावे. 'विद्यार्थी' हा शब्द मुलाने 'विद्यार्थि' असा लिहिला, तर त्यातील व, पहिली वेलांटी, द, य, काना, रफार, थ आणि शेवटची वेलांटी अशा आठ खुणांपैकी सात बरोबर आहेत. 'सात आले, एक राहिले' हे वाक्य आणि 'चूक' हा शेरा यांत फार अंतर आहे. निबंधात या पंधरवड्यात जो नियम शिकविला, त्याच्याच चुकांवर खूण करावी. बाकीच्या चुका शिक्षकाने आपल्या टिपणवहीत उतरवून ठेवाव्यात. विचाराचे गुण वेगळे आणि लेखनाचे गुण वेगळे द्यावेत, म्हणजे म्हशीविषयी मनापासून लिहिणाऱ्या मुलाला आपले सांगणे कोणी ऐकले, असे वाटेल.

डोळे, कान आणि त्यापलीकडे

काही चुकांचे मूळ अध्यापनात नसते. जे मूल पुस्तकातून बरोबर उतरविते, पण फळ्यावरून चुकीचे उतरविते, त्याची दृष्टी तपासून घ्यावी आणि तोपर्यंत त्यास पुढच्या रांगेत बसवावे. जे मूल पाहून बरोबर लिहिते, पण श्रुतलेखनात वारंवार एका ध्वनीऐवजी दुसरा लिहिते, त्याच्या कानांची तपासणी व्हावी. कान वाहणे ही गोष्ट खेड्यात क्षुल्लक मानली जाते, पण तिच्यामुळे ऐकणे मंद होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, त्या दिवशी अशा मुलांची नावे शिक्षकाच्या हाती तयार असावीत.

याउपर थोडी मुले अशी राहतात की जी बोलण्यात चतुर असतात, हिशेबी असतात, पण एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहितात. वाचतानाही अक्षर न् अक्षर जुळवीत अडखळतात. आणि कित्येक महिने नीट शिकवूनही त्यांची अडचण हटत नाही. ही अध्ययन-अक्षमता असू शकते. तिचा बुद्धीच्या कमतरतेशी संबंध नाही, आणि ती आळसाने किंवा आईबापांच्या दुर्लक्षानेही येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश केलेला आहे. तथापि, निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. पहिली-दुसरीत घाईने शिक्का मारणे तर फारच घातक. शिक्षकाने आपले टिपण, मुलाचे सहा महिन्यांतील लेखनाचे नमुने आणि केलेले उपाय केंद्रप्रमुखांपुढे व विशेष शिक्षकांपुढे ठेवावेत, आणि तपासणी होईतो तोंडी उत्तरांची संधी व लेखनास अधिक वेळ द्यावा.

पालकांनाही यात भाग घेता येतो. निरक्षर आईला शब्द तपासता येणार नाही, पण मूल शब्द तोडून म्हणत असता तिला टाळ्या मोजता येतील. 'याला काही येत नाही' असा निरोप घरी धाडण्याऐवजी 'या आठवड्यात पाच शब्द शिकला, ते म्हणून दाखवील, ऐका' असा निरोप धाडावा. त्या निरोपाने घरात मुलाची किंमत वाढते.

आता तो मुलगा पुन्हा डोळ्यांपुढे आणावा. त्याची वही उघडून गुरुजी त्याच्याजवळ बसले आहेत. ते म्हणतात, 'म्हशीने घराला पैसा दिला, हे फार छान लिहिलेस. आता "म्ह" कसा लिहितात ते बघू. आम्ही, तुम्ही, म्हैस.' मुलगा तीन शब्द लिहितो. गुरुजी दिवसाचे काम तेथेच थांबवितात. 'दूध' आणि 'दुधात' यांची पाळी पुढच्या पंधरवड्यात येईल, 'वैरण' आणि 'पाणी' यांची त्याच्याही पुढे. वर्षाअखेर कदाचित त्याच्या वहीत दोन-तीन चुका राहतीलच. पण 'आमचे शेत' या विषयावर तो दोन ओळी लिहून थांबणार नाही. बांध, विहीर, मोट गेली आणि पंप आला ती गोष्ट, सारे लिहील. जो लिहीत राहतो त्याचेच लेखन सुधारते, आणि त्याला लिहिते ठेवणे हे शिक्षकाच्या हातात आहे.